इमेज टाकल्यावरही विंडोज प्रश्न विचारत बसते. आन्सर फाइल कुठे चुकते आहे?

मुख्यकार्यालय_आयटी (प्रश्न)

नमस्कार. मी एका सहकारी संस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणकांची व्यवस्था पाहतो. आमचा विभाग म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, त्या निमित्ताने संचालक मंडळाने एकदाचे पैसे मंजूर केले आणि आता ३६ नवे संगणक आमच्या खोलीत खोक्यांसह उभे आहेत. त्यांपैकी २६ एकाच मोठ्या कंपनीचे, एकाच मॉडेलचे आहेत. उरलेले १० गावातल्या दुकानदाराकडून जुळवून घेतलेले असेंबल्ड आहेत. सर्वांवर विंडोज ११ प्रो घालायचे आहे आणि प्रत्येक यंत्रासमोर बसून तेच तेच ‘नेक्स्ट’ दाबण्याची माझी इच्छा नाही.

आतापर्यंत केलेली कृती अशी. एका यंत्रावर विंडोज बसवले, पहिल्या स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबून ऑडिट मोडमध्ये (वापरकर्ता खाते न बनवता सॉफ्टवेअरे घालण्याच्या अवस्थेत) गेलो आणि लागणारी सॉफ्टवेअरे घातली. त्यानंतर विंडोज सिस्टीम इमेज मॅनेजरमध्ये तयार केलेली आन्सर फाइल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल) देऊन जनरलाइझ (यंत्राच्या खास खुणा पुसणे), ओओबीई (पहिल्या वापराचे पडदे) आणि शटडाउन या पर्यायांसह सिसप्रेप, म्हणजे नकलेसाठी विंडोज तयार करणारे साधन, चालवले. पहिल्या खेपेला सिसप्रेप अडले, कारण मी इंटरनेट चालू ठेवले होते आणि स्टोअरने तेवढ्या वेळात एक ॲप फक्त त्या एका खात्यापुरते अद्ययावत करून ठेवले होते. ते ॲप काढले, केबलही काढली, तेव्हा काम पुढे सरकले. मग विंडोज पीईच्या (बसवणीपुरत्या छोट्या विंडोजच्या) पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिझम या साधनाने विम इमेज, म्हणजे बसवलेल्या विंडोजची एका फाइलमधली नक्कल, घेतली. इतर यंत्रांवर याच पेन ड्राइव्हवरची स्क्रिप्ट डिस्कपार्टने विभाग पाडते, डिझमने इमेज उतरवते, बीसीडीबूटने बूट फाइल लिहिते आणि शेवटी त्या यंत्राच्या नावासह सुधारलेली आन्सर फाइल विंडोजच्या सिस्टीम३२ मधील सिसप्रेप फोल्डरात ठेवते.

चार ब्रँडेड आणि दोन असेंबल्ड यंत्रांवर चाचणी घेतली. सहाही यंत्रे सुरू झाली, परंतु भाषा, प्रदेश आणि कीबोर्ड यांचे पडदे येतातच, जरी आन्सर फाइलमध्ये या तिन्हींची उत्तरे लिहिलेली आहेत. दुसरे म्हणजे यंत्राला मी दिलेले नाव लागत नाही. विंडोजने मनाने ठरवलेले काहीतरी नाव येते. फाइल कितीही वेळा दुरुस्त केली तरी फरक पडत नाही, जणू ती कोणी वाचतच नाही. फाइल उघडून तपासली असता तिची रचना बिनचूक दिसते आणि सिस्टीम इमेज मॅनेजरही कोणतीही चूक दाखवत नाही.

आणखी एक शंका आहे. आमचे आधीचे संगणक एका बाहेरच्या तंत्रज्ञाने २०१९ मध्ये सिसप्रेपविना, डिस्कची सरळ नक्कल करून दिले होते आणि ते सहा वर्षे चालले. मग या उपद्व्यापाची खरोखर गरज आहे का?

खिडकीवाला

तुमची फाइल चुकलेली नाही. तिची उत्तरे चुकीच्या खणांत ठेवली गेली आहेत आणि ती फाइलही चुकीच्या जागी ठेवली जाते आहे. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या की पुढची पाच-सात वर्षे हा त्रास होणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आन्सर फाइल ही विंडोज एकदा उघडून वरपासून खालपर्यंत वाचते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिच्यात सात टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याखाली लिहिलेले उत्तर तो टप्पा खरोखर घडला तरच वाचले जाते. ते टप्पे क्रमाने असे : विंडोज पीई, ऑफलाइन सर्व्हिसिंग, जनरलाइझ, स्पेशलाइझ, ऑडिट सिस्टीम, ऑडिट यूजर आणि ओओबीई सिस्टीम. पेन ड्राइव्हवरून सेटअप चालवून विंडोज नव्याने बसवले, तर पहिले दोन टप्पे घडतात. तुम्ही तर सेटअप चालवतच नाही. तयार इमेज डिझमने उतरवता, त्यामुळे विंडोज पीई या टप्प्याखाली लिहिलेले काहीही तुमच्या यंत्रांच्या बाबतीत वाचले जात नाही. पेन ड्राइव्ह विंडोज पीईचाच आहे म्हणून तो टप्पा घडत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण नाव सारखे असले तरी ती निराळी गोष्ट आहे. तो टप्पा सेटअप डॉट ईएक्सई चालवतो, पीई नव्हे.

आता भाषेचे पाहा. सिस्टीम इमेज मॅनेजरच्या यादीत इंटरनॅशनल-कोअर नावाचे दोन घटक शेजारी शेजारी दिसतात, त्यांपैकी एकाच्या नावाच्या शेवटी विनपीई असे जोडलेले असते. माझा अंदाज आहे की तुम्ही तो विनपीईवाला घटक भरला आहे. तो केवळ सेटअपच्या सुरुवातीच्या पडद्यांसाठी असतो. तुम्हाला हवा आहे साधा इंटरनॅशनल-कोअर आणि तो ओओबीई सिस्टीम या टप्प्याखाली हवा. त्यात इनपुट लोकेल, सिस्टीम लोकेल, यूआय लँग्वेज आणि यूजर लोकेल ही चारही उत्तरे द्या. एखादे रिकामे सोडले की तो पडदा परत येतो.

सहकारी संस्था म्हटल्यावर मराठी टंकन लागणारच, म्हणून एक सूचना. इनपुट लोकेलमध्ये अर्धविरामाने वेगळे करून एकाहून अधिक कीबोर्ड देता येतात आणि पहिला कीबोर्ड मूळचा धरला जातो. मी ४००९:००००४००९ हा भारतीय इंग्रजीचा आणि त्यानंतर ०४४ई:०००००४४ई हा मराठी इनस्क्रिप्टचा, असे दोन देतो (शेवटचे ई हे रोमन अक्षर आहे, फाइलमध्ये तसेच लिहावे). यूजर लोकेल मात्र भारतीय इंग्रजीच ठेवा. मी एकदा उत्साहाने ते मराठी केले, तेव्हा तारखांतील महिने मराठीत उमटू लागले आणि हिशेबाची एक जुनी प्रणाली त्यावर अशी अडखळली की दुसऱ्या दिवशी लेखापालांनी मला चहासुद्धा विचारला नाही. कालविभागासाठी शेल-सेटअप या घटकात ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असे लिहावे. तिथे साडेपाच तासांचा फरक आकड्यात लिहून चालत नाही.

आता फाइल न वाचली जाण्याचे कारण. विंडोज आन्सर फाइल ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने शोधते आणि पहिली सापडली की पुढे पाहत नाही. आधी रजिस्ट्रीत दिलेला पत्ता, मग विंडोजच्या पँथर फोल्डरातील अनअटेंड हा उपफोल्डर, मग स्वतः पँथर फोल्डर, त्यानंतर जोडलेली पेन ड्राइव्हसारखी साधने आणि या सर्वांनंतर सिस्टीम३२ मधील सिसप्रेप फोल्डर. तुम्ही सिसप्रेप चालवताना त्याला आन्सर फाइल दिली होती. तिची एक प्रत त्याने तेव्हाच पँथर फोल्डरात ठेवून दिली आणि ती प्रत इमेजबरोबर सगळ्या यंत्रांवर गेली. तुमची ताजी, दुरुस्त फाइल सिसप्रेप फोल्डरात वाट पाहत बसते आणि विंडोज मात्र पँथरमधील शिळी फाइल वाचून मोकळी होते. त्या जुन्या फाइलमध्ये कॉम्प्युटर नेम म्हणून फुली, म्हणजे ताऱ्याचे चिन्ह असणार. त्या चिन्हाचा अर्थच ‘नाव तूच ठरव’ असा आहे.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये फाइल सिसप्रेप फोल्डराऐवजी उतरवलेल्या विंडोजच्या पँथर फोल्डरात, अनअटेंड डॉट एक्सएमएल याच नावाने, जुनीवर लिहा. डिझमच्या अप्लाय-अनअटेंड या पर्यायाने दिली तरी ती तिथेच जाऊन बसते आणि त्या पर्यायाने ऑफलाइन सर्व्हिसिंगचा टप्पाही वाचला जातो, हा वरचा फायदा. कॉम्प्युटर नेम हे स्पेशलाइझ टप्प्याखालीच असू द्या.

जुनाखेळाडू

प्रश्नकर्त्यांच्या शेवटच्या शंकेबद्दल लिहितो, कारण तिकडे कोणी वळले नाही. मी पंधरा वर्षे कार्यालयांतील यंत्रे क्लोनझिलाने (डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने) छापतो आहे. सिसप्रेप फारच क्वचित वापरले आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. दोन यंत्रांचा एसआयडी (विंडोजने यंत्राला दिलेला ओळख-क्रमांक) सारखा असला तर आकाश कोसळेल असे आम्हाला पूर्वी सांगत असत, म्हणून सगळे तो बदलणारे न्यूएसआयडी हे साधन चालवत. ते साधन ज्यांनी लिहिले त्या मार्क रुसिनोविच यांनीच २००९ मध्ये ही सारी समजूत निराधार असल्याचे लिहून ते साधन मागे घेतले. छत्तीस यंत्रांसाठी एवढा व्याप कशाला? नक्कल करा, नाव बदला, पुढच्या कामाला लागा.

सर्व्हर_खोली

जुनाखेळाडू यांचा अनुभव मी नाकारत नाही, आणि २००९ च्या त्या लेखाचा त्यांनी सांगितलेला आशयही बरोबर आहे. मात्र दोन गोष्टी राहून गेल्या.

पहिली अशी की त्याच लेखात रुसिनोविच यांनी सिसप्रेप टाळावे असे म्हटलेले नाही. एसआयडी सोडून यंत्रागणिक वेगळ्या असायला हव्यात अशा आणखी पुष्कळ गोष्टी सिसप्रेप पुसून टाकते. ज्यांच्याकडे डब्ल्यूसस (कार्यालयातल्या यंत्रांना विंडोजचे अपडेट वाटणारा) सर्व्हर आहे त्यांनी हे पाहिलेले असते : वीस यंत्रांची नक्कल केली, तर सर्व्हरच्या यादीत एकच यंत्र दिसते आणि ते दर काही वेळाने नाव पालटते, कारण विसांचाही ग्राहक-क्रमांक एकच असतो. केएमएस सर्व्हरचेही तसेच आहे. विंडोजच्या ग्राहक-यंत्रांना सक्रिय करण्यासाठी त्याला किमान २५ वेगळी यंत्रे मोजता यावी लागतात आणि नक्कल केलेली ४० यंत्रे त्याच्या लेखी एक असतात. संख्या का वाढत नाही हे शोधण्यात मी एक आख्खा आठवडा घालवला आहे, त्या वेळी मला कोणी हे सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती २००९ नंतरची आहे. २९ ऑगस्ट २०२५ पासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ या आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ हे सारख्या एसआयडीच्या यंत्रांमधील परस्पर ओळख-पडताळणी नाकारतात. पडताळणीची पद्धत केर्बेरॉस असो वा एनटीएलएम, दोन्ही अडतात. वापरणाऱ्याला दिसते ते असे की सामायिक फोल्डर उघडताना वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड अचूक दिला तरी तोच चौकोन पुन्हा पुन्हा येतो, किंवा रिमोट डेस्कटॉप जोडलाच जात नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम नोंदीत एलएसएएसआरव्ही या स्रोताखाली ६१६७ क्रमांकाची नोंद दिसली की समजावे, हेच कारण आहे. मायक्रोसॉफ्टने हा बदल जाणूनबुजून केल्याचे सांगितले आहे, आणि अशी यंत्रे सिसप्रेपसह, म्हणजे अधिकृत पद्धतीने, पुन्हा तयार करावीत हाच कायमचा उपाय दिला आहे.

म्हणजे २०१९ मध्ये ज्या तंत्रज्ञाने सरळ नक्कल करून दिली त्याचे त्या वेळी काही बिघडले नाही हे खरे, पण आज तीच पद्धत वापरली तर प्रश्नकर्त्यांच्या कार्यालयात दुपारपर्यंत ‘प्रिंटर शेअर होत नाही’ अशा तक्रारी सुरू होतील. आधीच छापलेल्या यंत्रांबद्दल शंका असेल तर सिसइंटर्नल्समधील पीएसगेटएसआयडी हे साधन दोन यंत्रांवर चालवून आकडे ताडून पाहा.

क्लोनझिलाला मात्र मी दोष देणार नाही. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेले ते उत्तम साधन आहे आणि सिसप्रेप करून बंद केलेल्या डिस्कची नक्कल त्याने करण्यात काहीच गैर नाही. अडचण साधनाची नाही, आधी जनरलाइझ न करण्याची आहे.

जुनाखेळाडू

६१६७ बद्दल मला माहीत नव्हते. माझ्या एका ग्राहकाकडे डिसेंबरपासून दोन यंत्रे एकमेकांचे फोल्डर उघडत नाहीत आणि मी आजवर केबल, स्विच, अँटिव्हायरस सगळे बदलून पाहिले. उद्या सकाळी तिथे जाऊन नोंद पाहतो.

मुख्यकार्यालय_आयटी

खिडकीवाला आणि सर्व्हर_खोली, दोघांचेही मनापासून आभार. अंदाज तंतोतंत खरा निघाला. मी विनपीईवालाच घटक भरला होता. साधा इंटरनॅशनल-कोअर ओओबीई सिस्टीमखाली घेतला, फाइल पँथरमध्ये ठेवली आणि ब्रँडेड यंत्रे एकही प्रश्न न विचारता लॉगिनच्या पडद्यापर्यंत आली. नावेही हवी तशी लागली. स्क्रिप्ट बायोसमधून यंत्राचा अनुक्रमांक वाचते आणि त्याच्याआधी एच, ओ आणि आडवी रेघ लावून नाव तयार करते. शिकाऊ मुलाने एकाच वेळी सहा यंत्रे लावली आणि आम्ही तेवढ्यात जेवून आलो.

असेंबल्ड यंत्रे मात्र आता जास्तच बिघडली. आधी निदान सुरू तरी होत होती. आता पहिल्या बूटला ‘विंडोज कुड नॉट पार्स ऑर प्रोसेस अनअटेंड आन्सर फाइल फॉर पास स्पेशलाइझ’ असा संदेश येतो, यंत्र पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तिथेच येऊन थांबते. फाइल तीच, इमेज तीच, पेन ड्राइव्हही तोच. दहापैकी चार यंत्रांवर करून पाहिले, चारही तशीच. असेंबल्ड यंत्रांचा हार्डवेअर निकृष्ट असल्याने असे होत असावे का?

खिडकीवाला

हार्डवेअरवर आळ घेण्यापूर्वी एक गोष्ट करा. तो संदेश पडद्यावर असताना शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात नोटपॅड असे लिहून नोटपॅड उघडा आणि पँथर फोल्डरातील अनअटेंड डॉट एक्सएमएल त्यात पाहा. कॉम्प्युटर नेमच्या ओळीत काय लिहिले आहे, ते जसेच्या तसे इथे सांगा.

मुख्यकार्यालय_आयटी

पाहिले. तीन यंत्रांवर ‘एचओ-टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असे लिहिलेले आहे. चौथ्यावर ‘एचओ-डिफॉल्ट स्ट्रिंग’ आहे. (प्रत्यक्ष फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत.) मला हसावे की रडावे कळेना. शिकाऊ मुलगा मात्र बराच वेळ हसत होता.

खिडकीवाला

असेच असणार होते. मोठ्या कंपन्या कारखान्यातच प्रत्येक यंत्राच्या बायोसमध्ये त्याचा अनुक्रमांक लिहितात. सुटा मदरबोर्ड विकणारा उत्पादक ती जागा जुळवणाऱ्यासाठी मोकळी ठेवतो आणि तिथे ‘हे जुळवणाऱ्याने भरावे’ अशी सूचना लिहून ठेवतो. आपल्याकडचा दुकानदार ते भरत नाही. त्याला तशी जागा आहे हेही बहुधा ठाऊक नसते. तुमच्या स्क्रिप्टने ती सूचना हाच अनुक्रमांक समजून नावात चिकटवली. विंडोजमध्ये यंत्राचे नाव १५ अक्षरांहून मोठे चालत नाही आणि त्यात मोकळी जागा किंवा टिंब नको. ते पहिले नाव मोजले तर २५ अक्षरांचे भरते, शिवाय मोकळ्या जागा आणि टिंबे आहेतच. नाव अवैध ठरले की स्पेशलाइझचा संपूर्ण टप्पाच कोसळतो. आधीची शिळी फाइल वाचली जात होती तेव्हा तिच्यात ताऱ्याचे चिन्ह होते, म्हणून ही यंत्रे निमूटपणे सुरू होत होती. माझ्या पहिल्या उत्तराने तुमची झाकलेली चूक उघडी पडली, एवढेच.

नाव १५ अक्षरांवर कापून टाकावे असे कोणी सुचवील, पण ते करू नका. कापल्यावर अनेक यंत्रांची नावे सारखीच होतील. यूयूआयडीवरही (बोर्डाच्या ओळख-क्रमांकावरही) फार भिस्त ठेवू नका, कारण स्वस्त बोर्डांवर तोही उत्पादकाने घातलेला एकच ठोकळेबाज आकडा असू शकतो. असेंबल्ड यंत्रांसाठी मी नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता वापरतो. त्याची शेवटची सहा अक्षरे घेऊन नाव करता येते, पण छत्तीसच यंत्रे असतील तर त्याहून बरे म्हणजे एक साधी सीएसव्ही फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी, ज्यात एका रकान्यात मॅक पत्ता आणि दुसऱ्यात तुम्हाला हवे ते नाव असेल. ‘एचओ-रोखपाल-२’ अशा अर्थाचे नाव रोमनमध्ये दिले की नंतर फोनवर तक्रार आल्यावर यंत्र ओळखायला सोपे जाते. यादीत पत्ता सापडला नाही, तर स्क्रिप्टने डिस्कला हात लावण्याआधीच थांबले पाहिजे. आधी डिस्क पुसून मग नाव नाही म्हणणारी स्क्रिप्ट मी स्वतः एकदा लिहिली आहे.

दोन खाचखळगे लक्षात असू द्या. पीईमध्ये त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर मॅक पत्ता दिसणार नाही, तेव्हा तो पीईच्या इमेजमध्ये डिझमने आधी घाला. आणि लॅपटॉपला यूएसबीचे नेटवर्क अडॅप्टर लावून काम करत असाल, तर मॅक पत्ता त्या अडॅप्टरचा येतो आणि ते एकच अडॅप्टर फिरवत राहिलात की सगळे लॅपटॉप एकाच नावाचे होतात.

मुख्यकार्यालय_आयटी

यादीची पद्धत लावली आणि दहाही यंत्रे व्यवस्थित सुरू झाली. मात्र शेवटची एक गोष्ट उरली आहे आणि ती बरोबर उलट्या बाजूने आली आहे. विंडोजच्या सेटअप फोल्डरातील स्क्रिप्ट्समध्ये मी सेटअपकंप्लीट डॉट सीएमडी ठेवली आहे. तिने प्रिंटर जोडायचा आणि उरलेली आन्सर फाइल पुसायची. असेंबल्ड यंत्रांवर ती चालते. ब्रँडेडवर ती चालतच नाही, चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

सर्व्हर_खोली

ब्रँडेड यंत्रांबरोबर कंपनीकडून विंडोजचा ओईएम परवाना आलेला असतो आणि त्याची किल्ली फर्मवेअरमध्ये असते. असेंबल्ड यंत्रांसाठी तुम्ही सुटे परवाने घेतले असणार. ओईएम किल्लीवर चालणाऱ्या प्रो आवृत्तीत विंडोज सेटअपकंप्लीट मुद्दाम चालवत नाही. एंटरप्राइज आणि सर्व्हर या आवृत्त्यांना ही अट लागू नाही. पँथरमधील अनअटेंडजीसी या उपफोल्डरात सेटअपॲक्ट डॉट लॉग उघडा, ओईएम परवाना आढळल्यामुळे स्क्रिप्ट चालवणार नाही, अशा अर्थाची ओळ तुम्हाला तिथे सापडेल. पर्याय म्हणजे आन्सर फाइलमधील फर्स्ट लॉगऑन कमांड्स. त्या ओओबीई सिस्टीम टप्प्याखाली लिहितात आणि पहिल्यांदा कोणी लॉगिन केले की चालतात. ते पहिले लॉगिन प्रशासक खात्याने, तुमच्या देखतच करून घ्या.

परवान्याचा विषय निघालाच आहे, तर तेही तपासा. एका ओईएम यंत्रावरची इमेज दुसऱ्या यंत्रांवर उतरवण्याचा हक्क ओईएम परवान्याने मिळत नाही. तो हक्क व्हॉल्यूम (एकगठ्ठा) परवाना घेणाऱ्या संस्थेला मिळतो आणि इमेजही व्हॉल्यूमच्या माध्यमावरूनच तयार केलेली असावी लागते, आवृत्ती आणि भाषा मूळ परवान्याशी जुळणारी. त्यासाठी छत्तीस परवाने पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत, ते माध्यम आणि किल्ली मिळण्यापुरती एक खरेदी पुरते. लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थेत हा कागद फाइलला असलेला बरा. आणि इमेज व्हॉल्यूम किल्लीवर आली की सेटअपकंप्लीटची अडचणही आपोआप जाते.

आन्सर फाइल पुसण्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते वाचून बरे वाटले, कारण पुष्कळांचा समज असा असतो की सिस्टीम इमेज मॅनेजर पासवर्ड लपवतो. तो लपवत नाही. पासवर्डाच्या मागे एक ठरावीक शब्द जोडून तो बेस६४ या उघड लेखनपद्धतीत लिहितो, एवढेच, आणि ते कोणीही एका ओळीत उलटवू शकतो. पँथरमधील प्रतीतून विंडोज काम झाल्यावर पासवर्ड काढून टाकते, मात्र सिसप्रेप फोल्डरात किंवा पेन ड्राइव्हवर राहिलेल्या प्रतींना ते हात लावत नाही. तुमच्या पहिल्या सहा चाचणी-यंत्रांच्या सिसप्रेप फोल्डरात ती फाइल अजून पडलेली असेल, ती आजच काढा. डोमेनमध्ये जोडणारे खाते त्या फाइलमध्ये लिहिले असेल, तर त्याचा पासवर्डही बदला.

मुख्यकार्यालय_आयटी

लॉगमध्ये ती ओळ मिळाली. आमच्याकडे डोमेन नाही, सगळे वर्कग्रुपवर आहे, परंतु स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड फाइलमध्ये होता आणि सहापैकी पाच यंत्रांवर ती फाइल जशीच्या तशी सापडली. सहावे यंत्र तोवर वसुली विभागात जाऊन बसले होते, तिथूनही काढली. व्हॉल्यूम परवान्यासाठी सोमवारी टिप्पणी ठेवतो आहे. तोपर्यंत पुढची यंत्रे खोक्यातच राहतील.

जुनाखेळाडू

त्या दोन यंत्रांवर गेलो होतो. ६१६७ ची नोंद दोन्हीकडे आहे, ओळीने चौदा वेळा. पीएसगेटएसआयडीने आलेले आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे. ग्राहकाचा डेटा बाहेर काढून ठेवला आहे आणि आज रात्री दोन्ही यंत्रे पुन्हा तयार करतो आहे. प्रश्नकर्त्यांनी आपली चालती आन्सर फाइल, पासवर्ड काढून, इथे टाकली तर उपकार होतील.